आंधळी माळ

माणसाची खरी पारख रणांगणावरच होते, असं आमच्या कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबच्या दाराशी संगमरवरी पाटीवर कोरलेलं होतं. त्याच्याच खाली 'चपला-बूट बाहेर काढावेत' असं रंगानं लिहिलं होतं. त्यामुळे बहुतेकांची पारख आत जाण्याआधीच उरकायची. मोज्याला भोक आहे की नाही, एवढ्यावरून माणूस पर्मनंट आहे की सीएचबीवर, म्हणजे तासांच्या पैशावर, ते कळायचं.

"देवळे सर, तुम्ही नुसतं बघा," चिलवंत म्हणाला आणि त्यानं स्वतःसमोरचा पडदा माझ्याकडं वळवला. त्याच्या दोन्ही मोज्यांना भोकं होती. "विमान तेच, बंदूक तीच. फक्त माळ बदलली."

शनिवारची दुपार होती. लॅबमध्ये आम्ही तिघंच होतो: तो, गरड मॅडम आणि मी. मॅडम शेंगा सोलत होत्या आणि टरफलं नीट रुमालात ठेवत होत्या.

माळ म्हणजे विमानाच्या मशीनगनमधला गोळ्यांचा पट्टा. खेळात त्याला बेल्ट म्हणायचे, पण आमच्याकडं पहिल्या दिवसापासून त्याचं नाव दिवाळीतल्या लवंगी माळेवरनं पडलं. विमान उडवायच्या आधी कुठली माळ भरायची ते निवडावं लागे. एक साधी, सगळ्या प्रकारच्या गोळ्या मिसळलेली. एक चमकी. तिच्यातली प्रत्येक गोळी पेटत जाते, त्यामुळे आपला नेम कुठं चाललाय ते आपल्याला दिसतं आणि ज्याच्यावर चाललाय त्यालाही दिसतं. आणि एक आंधळी. तिच्यात चमकणारी गोळी औषधालाही नाही. काही पत्रा फोडणाऱ्या, काही आग लावणाऱ्या. मारणाऱ्याला स्वतःच्या गोळ्या दिसत नाहीत, आणि मरणाऱ्याला पेट घेईपर्यंत कुणी मारतंय हेच कळत नाही.

"चमकीनं कितीही धुतलं तरी समोरचा गाणं म्हणत निघून जातो," चिलवंत सांगत होता. "दिसायला भारी, काम शून्य. आंधळी क्षणभर लागू द्या, टाकी खलास."

"पण दिसतच नाही तर नेम धरायचा कसा?" मॅडमनी विचारलं.

"हिशोब करायचा. मागनं जायचं. तो किती वेगात आहे, आपण किती लांब आहोत, त्याच्या नाकापुढं किती जागा सोडायची. डायनॅमिक्स हो, मॅडम. तुम्ही सेकंड इयरला शिकवता तेच."

"शिकवते. पण त्याचा उपयोग असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. आमचं इंजिनिअरिंग कॉलेज बार्शीच्या पुढं माळरानावर होतं. तिथं विमानशास्त्राची शाखा नव्हती, विमान नव्हतं, आणि एसटीही मागितल्याशिवाय थांबत नसे. तरी लढाऊ विमानांचा खेळ खेळायला आठ कॉम्प्युटर आणि आठ जॉयस्टिक होत्या, कारण संस्थेचे सचिव रणधीरदादा हे चेअरमनसाहेबांचे चिरंजीव होते आणि पुण्याहून शिक्षण व हा नाद बरोबर घेऊन आले होते. शिक्षण अर्धवट राहिलं होतं. लॅबचा चार्ज माझ्याकडं आला, कारण ज्या मीटिंगमध्ये तो वाटला त्या दिवशी मी दाढ काढायला गेलो होतो.

दादांना दोन गोष्टी प्रिय होत्या, एक म्हणजे हा खेळ आणि दुसरी म्हणजे त्यांचे चुलते तात्यासाहेब. प्रिय म्हणजे सतत मनात असणाऱ्या. निम्मे विश्वस्त तात्यांच्या बाजूनं होते, आणि कोणते निम्मे ते दादांना कळत नव्हतं. त्यामुळे शिपायानं चहा गार आणला तरी दादा विचारायचे, "तुला कुणी पाठवलं?"

त्या वर्षी दादांनी स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं, की मेकॅनिकलला एक पर्मनंट जागा आहे आणि उमेदवार दोन, चिलवंत आणि गरड मॅडम. दोघांची पात्रता सारखी, दोघांचे रिझल्ट सारखे. मग ठरवायचं कसं?

"स्थापनादिनाला दोघांनी माझ्याशी लढायचं," दादा म्हणाले. "जो मला पाडेल, ऑर्डर त्याची."

आम्ही सगळे हसलो. आमचे विभागप्रमुख हिंगमिरे सर हसले नाहीत. ते दादांच्या विनोदाला दादांच्याही आधी हसणारे गृहस्थ. ते हसले नाहीत म्हणजे हा विनोद नव्हता.

चिलवंत नऊ वर्षं कंत्राटावर होता. दर जूनमध्ये लागायचा, दर एप्रिलमध्ये सुटायचा, एखाद्या हंगामी पाणपोईसारखा. वैरागच्या एका घरी त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं. मुलीच्या वडिलांनी सांगितलं होतं, 'पर्मनंटची ऑर्डर हातात आली की तारीख काढू.' त्यालाही दोन वर्षं झाली होती. गरड मॅडमचा नवरा चाकणला, मुलगी भूमला सासूकडं, आणि स्वतः त्या रोज एसटीत. त्यांनाही जागा हवीच होती. पण त्या हवी आहे असं तोंडानं म्हणत नसत, आणि चिलवंत दुसरं काही म्हणत नसे.

स्थापनादिनाच्या आदल्या दिवशी हिंगमिरे सरांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. लॅब माझ्याकडं, म्हणून लढतीचा अंपायर मी; त्यामुळे मलाही.

"हे बघा," सर म्हणाले, "दादांना पाडायचं नाही."

"पण सर, दादा स्वतः म्हणालेत—" चिलवंत.

"चिलवंत, माणूस दारातनं 'या, जेवूनच जा' म्हणतो, तेव्हा आपण काय करतो?"

"जेवतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं. नऊ वर्षं ह्यांना सांभाळलं मी, असं त्या बघण्यात होतं.

"आपण 'नको, उशीर होतोय' म्हणतो, चिलवंत. आणि जातो. पाहुणे येणारेत उद्या. दादांचे मित्र, बँकेचे संचालक, पेपरवाले. दादांना पाडायचं नाही, पण पाडायचा प्रयत्न मात्र मनापासून झाला पाहिजे. आणि तो दिसला पाहिजे. काय?"

"म्हणजे चमकी," गरड मॅडम म्हणाल्या.

"ते तुमचं तांत्रिक तुम्ही बघा."

"सर, मग दोघांनीही नाही पाडलं तर जागा कुणाची?" चिलवंतनं विचारलं.

"जो चांगला हरेल त्याची."

बाहेर आल्यावर चिलवंत पायऱ्यांवर थांबला. "देवळे सर, असं कुठं असतं का? अट स्पष्ट आहे. पाडेल तो. ह्यात अर्थ काढायला जागाच नाही."

"तुम्ही आंधळी लावणार?" मॅडमनी विचारलं.

"अर्थात. मॅडम, तुम्हीपण तीच लावा. खरंच सांगतो. मी हिशोबाचा तक्ता करून देतो तुम्हाला. स्पर्धा बरोबरीची झाली पाहिजे."

मॅडम त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता. एसटी सुटल्यावर मागनं पळत येणाऱ्या माणसाकडं खिडकीतनं आपण बघतो, तसं काहीसं.

"मला नाही जमायचं ते," त्या म्हणाल्या. "मी आपली साधीसुधी बाई."

स्थापनादिनाला लॅबमध्ये खुर्च्या मांडल्या, भिंतीवर प्रोजेक्टर लावला, पुढच्या टेबलावर शाली आणि नारळ ठेवले. दादांना जे दिसेल ते भिंतीवर सगळ्यांना दिसणार होतं. कोण कुणाचं विमान ही नावं दादांनी बंद ठेवायला लावली होती. खऱ्या आकाशात कुठं नावं लिहिलेली असतात, असं त्यांचं म्हणणं. नावं फक्त माझ्या, म्हणजे अंपायरच्या पडद्यावर होती.

पहिल्या रांगेत हिंगमिरे सरांच्या शेजारी चिलवंतचे वडील बसले होते. आष्ट्याच्या बाजूला प्राथमिक शाळेत आयुष्य गेलेले गुरुजी. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचं धोतर, मांडीवर पेढ्यांचा पुडा. मुलाची ऑर्डर निघणार म्हणून आले होते. चिलवंतनंच बोलावलं होतं.

"हे खेळात पास झालं की ऑर्डर?" गुरुजींनी हिंगमिरे सरांना विचारलं.

"आता नवीन पद्धती आल्यात, गुरुजी. प्रॅक्टिकलला महत्त्व आहे."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "आमच्या वेळी नुसतं पाठांतर."

लढत सुरू झाली. दादांचं विमान भिंतीवर झोकात वर चढलं. समोरून गरड मॅडम आल्या आणि त्यांनी जी चमकी सोडली, ती अशी, की पेपरवाल्यानं खुर्चीवर उभं राहून फोटो काढला. केशरी गोळ्यांच्या लडीच्या लडी दादांच्या डोक्यावरनं, पंखाखालनं, नाकासमोरनं जात होत्या. एकही लागत नव्हती. मॅडम दादांच्या शेजारच्याच मशीनवर बसल्या होत्या, त्यामुळे ह्या गोळ्या कुणाच्या ते विचारावं लागत नव्हतं. इतक्या जवळनं इतकं सातत्यानं चुकायला हात फार कसलेला लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"आल्या, आल्या! मॅडम आल्या!" दादा ओरडत होते. "ओहो! चुकल्या! अरे, काय बाई आहे का काय आहे!"

"दादा, डावीकडं घे, डावीकडं!" मित्र ओरडत होते.

दादांनी डावीकडं घेतलं, उजवीकडं घेतलं, गिरकी मारली. प्रत्येक वेळी गोळ्या नुकत्याच तिथनं गेलेल्या असायच्या. लोक टाळ्या वाजवत होते. दादांच्या कानशिलावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर लहानपणी असावा तसा आनंद होता. चिलवंत कुठं होता ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

आणि एकाएकी दादांच्या उजव्या पंखानं पेट घेतला. भिंत उलटी झाली. वर जमीन, खाली आकाश, मग काळं.

अशा वेळी अनुभव कामाला येतो. हिंगमिरे सरांनी पहिली टाळी वाजवली. "वा, दादा, वा! शेवटपर्यंत काय झुंज दिलीत!"

"बाईनं पाडलं राव तुला," एक मित्र म्हणाला, आणि सगळे दादांच्या तोंडाकडं बघायला लागले.

दादांनी हेडफोन काढला. मग हसले. बाईकडनं समोरासमोर हरण्यात एक दिलदारी दाखवता येते, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "मानलं, मॅडम," ते म्हणाले. "आणा रे ती शाल."

गरड मॅडम उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. मी पाडलं असं म्हणाल्या नाहीत. नाही पाडलं असंही म्हणाल्या नाहीत.

"दादा," कोपऱ्यातनं आवाज आला, "मी पाडलं."

चिलवंत उभा होता. हिंगमिरे सरांनी डोळे मिटले.

"तुम्ही?" दादा म्हणाले. "तुम्ही होता कुठं?"

"देवळे सरांना विचारा. त्यांच्या पडद्यावर नाव असेल."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी अंपायर होतो. पडद्यावर होतं ते वाचलं. विमान पाडणारा: चिलवंत. गरड मॅडमच्या लागलेल्या गोळ्या: एकही नाही.

"कुठं होता तुम्ही?" दादांनी परत विचारलं. आवाज साधाच होता.

"तुमच्या मागं, दादा. जरा खाली, शेपटीच्या आड. वैमानिकाला तिथलं दिसत नाही."

"कधीपासून?"

"उडाल्यापासूनच. थांबून होतो. मॅडम समोरून मारत होत्या ना, त्यामुळं तुमचं सगळं लक्ष तिकडं. तुम्ही गिरकी घेतली की वेग कमी होतो, तेवढ्यात काम केलं."

"मला तुमची एक गोळी दिसली नाही."

"दिसणारच नाही!" चिलवंत खुलला. "आंधळी माळ आहे ती. मारणाऱ्याचा पत्ताच लागत नाही, हाच तर तिचा गुण. माणसाला वाटतं समोरचाच मारतोय. मागचा कुणी आहे हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. कळतं तेव्हा वेळ गेलेली असते."

त्याला थांबवायला कुणी नव्हतं. मी खोकलो, पण तो वर्गात शिकवताना खोकल्याकडं लक्ष देत नसे. नऊ वर्षांत मॅनेजमेंटमधल्या माणसानं त्याला पहिल्यांदाच तांत्रिक प्रश्न विचारला होता.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही, दादा. स्वतःच."

"तात्यांकडं जाणं-येणं असतं का तुमचं?"

"कोण तात्या?" चिलवंतनं विचारलं.

तो खरंच विसरला होता. डोक्यात वेग, अंतर आणि नाकापुढची जागा भरलेली असताना त्याला तात्या आठवले नाहीत, एवढंच. पण आमच्या संस्थेत गेटवरच्या कुत्र्यालाही तात्या माहीत होते. 'कोण तात्या' असं विचारायची गरज फक्त तात्यांच्या माणसाला पडू शकत होती.

दादांनी मित्रांकडं बघितलं. मित्रांनी हळूहळू माना हलवल्या. आता सगळं जुळलं, अशा.

"मॅडम," दादा म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, हे असली माळ लावणारेत?"

"हो, दादा. मलापण लावा म्हणाले होते. मागनं जायचं, दिसणार नाही, असं समजावून सांगितलं मला." मॅडमनी चिलवंतकडं बघितलं नाही. "मी म्हटलं, मला नाही जमायचं. मी आपली समोरून."

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"समोरून," दादा म्हणाले. त्यांना तो शब्द आवडला. त्यांनी स्वतः उठून मॅडमना शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. गुरुजींनीही वाजवल्या. हा पहिला नंबर, पुढचा आपल्या मुलाचा असणार, अशा बेतानं ते पेढ्यांच्या पुड्याची गाठ सोडायला लागले.

"दादा, मग ऑर्डर—" चिलवंत म्हणाला.

"बसा, चिलवंत सर. कार्यक्रम संपला नाही अजून." दादांनी बाह्या वर केल्या. "तुमची उडवायची हातोटी फार चांगली आहे. पाहुण्यांना जरा नीट बघू द्या. पिवळं विमान घ्या, म्हणजे उठून दिसेल. आणि चमकी भरा. नुसतं उडायचं नाही, मधनंमधनं गोळ्याही सोडायच्या, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कळेल. आम्ही सगळे तुमच्या मागं."

"सगळे?"

"सहा मशीन मोकळी आहेत. या रे. हिंगमिरे सर, तुम्हीपण या. मॅडम, बसा."

हिंगमिरे सरांनी जन्मात जॉयस्टिकला हात लावला नव्हता. ते लगबगीनं बसले. मॅडमही बसल्या, शाल खांद्यावर तशीच ठेवून. गुरुजींचं लक्ष अजून पुड्याच्या गाठीतच होतं.

चिलवंत बसला. का बसला, हे मला नंतर पुष्कळांनी विचारलं. उत्तर सोपं आहे. दादांनी नाही म्हटलेलं नव्हतं. ऑर्डर अजून टेबलावर आहे असं त्याला वाटत होतं, आणि टेबलावर आहे तोवर माणूस उठत नाही.

पिवळं विमान वर गेलं आणि सहा जण त्याच्या मागं लागले. पहिली काही मिनिटं फजितीच झाली, पण त्यांची. चिलवंत कुणाच्या हाती लागेना. तो ढगात शिरायचा, जमिनीलगत यायचा, असा वळायचा की दादांचे दोन मित्र एकमेकांवर आदळले. हिंगमिरे सरांनी तर टेकडीवरच गोळीबार केला. मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. दादांच्या मानेची शीर दिसायला लागली.

हिंगमिरे सर खुर्ची सरकवून चिलवंतच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो.

"पडा की आता," ते म्हणाले.

"सर, ते मारतच नाहीयेत नीट."

"मग सरळ उडा. तुमचे वडील बसलेत समोर, चिलवंत. शहाणपणा करू नका. सरळ उडा आणि पडा. आणि हे बघा, एकदम पडू नका. जरा वेळ घेऊन पडा. त्यांना मजा येऊ द्या."

चिलवंतनं काठी मध्यावर आणली. पिवळं विमान सरळ झालं आणि एखाद्या लग्नातल्या वाजंत्र्यासारखं, गोळ्यांच्या केशरी लडी पुढं सोडत, संथ चालू लागलं. सगळे त्याच्यावर तुटून पडले. आधी शेपूट गेली, मग एक पंख. दादांनी शेवटची लड झाडली आणि भिंतीवर पिवळं विमान जळत, गोल फिरत खाली गेलं.

लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. गुरुजींनीही टाळ्या वाजवल्या.

"हे कोण पडलं?" त्यांनी मागं वळून विचारलं.

"शत्रू, गुरुजी, शत्रू," मागचे बँकेचे संचालक म्हणाले.

"छान, छान."

"परत," दादा म्हणाले.

परत उडवलं. परत पाडलं. मग दादा म्हणाले, आता पाहुण्यांनाही बसू द्या. संचालक बसले, पेपरवाला बसला, केटरिंगवाला हात पुसून बसला. प्रत्येकाला चिलवंतनं जमेल असं पडून दाखवलं. नवख्याला नेम धरता येत नसे, तेव्हा तो वेग कमी करायचा. तरी जमलं नाही तर एक पंख त्याच्याकडं करून द्यायचा. दिवसभर ज्या हिशोबात तो डोकं घालायचा तोच हिशोब तो आता उलटा करत होता: गोळी कुठं येणार ते काढायचं आणि तिथं जाऊन थांबायचं. त्यातही त्याची एकदा चूक झाली नाही.

दर वेळी गुरुजी टाळ्या वाजवत होते. शेजारच्यांकडं बघून, एक क्षण उशिरा, पण मनापासून.

चहा आला तेव्हा दादांना कंटाळा आला. ते उठले, हात झटकले, आणि त्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडं गेलं.

"हे कोण?"

"चिलवंत सरांचे वडील," हिंगमिरे सर म्हणाले.

"अरे, मग सत्कार करा की. शाल आहे का उरलेली?"

उरलेली होती. दादांनी ती गुरुजींच्या खांद्यावर घातली, खाली वाकून पायाला हात लावल्यासारखं केलं. पेपरवाल्यानं फोटो घेतला.

"गुरुजी," दादा म्हणाले, "तुमचा मुलगा फार छान पडतो."

मागं मित्र फुसफुसले. गुरुजींनी ऐकलं ते कसं ऐकलं, मला ठाऊक नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले. "सगळी आपली कृपा," ते म्हणाले, आणि दादांपुढं पुडा धरला. दादांनी एक पेढा घेतला. मित्रांनी एकेक घेतला. हिंगमिरे सरांनी दोन.

लॅब बंद करून मी बाहेर आलो तेव्हा चिलवंत दारातल्या पायरीवर बूट घालत होता. गुरुजी शाल नीट घडी करून पिशवीत ठेवत होते.

"शिवा, ते पिवळं विमान कुणाचं होतं रे?" त्यांनी विचारलं. "बिचाऱ्याला फारच धरलं होतं सगळ्यांनी."

"होतं एकाचं," चिलवंत बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"आणि तू किती पाडली?"

"एक."

"बास की. एक पुरे." गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली. "ऑर्डर पोस्टानं येते का हातात देतात?"

चिलवंतनं दुसरा बूट पायात सरकवला. "चला, अण्णा," तो म्हणाला, "एसटी जाईल."

एप्रिलमध्ये तो दर वर्षीप्रमाणे सुटला. जूनमध्ये त्याला बोलावलं नाही. वर्कलोड नाही, असं हिंगमिरे सरांनी फोनवर सांगितलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "माणूस हुशार होता. पण तात्यांच्या नादी लागला." तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी चिलवंतची चौकशी केली म्हणतात. आपला हा माणूस कोण, ते त्यांनाही आठवेना. वैरागच्या मुलीचं त्याच उन्हाळ्यात कुर्डुवाडीकडं एका तलाठ्याशी लग्न झालं. चिलवंत हल्ली सांगलीकडं पंपांच्या कारखान्यात असतो, असं कुणीतरी सांगितलं. मी कधी फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

गरड मॅडम जूनची वाट बघत राहिल्या, मग गणपतीची. दादा म्हणायचे, हिंगमिऱ्यांना विचारा. हिंगमिरे म्हणायचे, दादांच्या कानावर घालतो. शेवटी त्या एका दुपारी लॅबमध्ये आल्या. मी एकटाच मशीनवरची धूळ पुसत होतो. दादांना तोवर घोड्यांचा नाद लागला होता.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

त्यांनी सांगितलं. त्यांच्या आवाजात चढउतार काही नव्हता. वर्गात हजेरी घेतात, तसा.

मेकॅनिकलला जागा नव्हतीच. विद्यापीठानं त्या वर्षी दिलेली एकुलती एक जागा सिव्हिलची होती, आणि ती आदल्या दिवाळीतच भरलेली होती.